भिंतीवरचा येडबा

आमच्या शेजारच्या ग्यानबाला स्वतःच्या मेंढरांपेक्षा माणसांची तोंडं जास्त ध्यानात राहायची. मेंढरं रानात सोडून हा बाबा चारठाण्याच्या जुन्या देवळापाशी बसायचा आणि खांबांवरच्या मूर्ती कोळशानं खडकावर उतरवायचा. त्याला कुणी शिकवलं नव्हतं. सासरा म्हणायचा, "जावई लय गुणाचा हाय, फकस्त कामाचा न्हाई."

लग्नघराच्या दाराशी दोन्ही बाजूंना भालदार-चोपदार रंगवायची गावात रीत होती. ग्यानबा तांबडी काव, चुना, नीळ घेऊन ते हौसेनं रंगवायचा. इतरांचे भालदार सगळे एकसारखे मिशीवाले. याच्या भालदारांना मात्र गावातल्याच माणसांची तोंडं असायची. लेकीच्या लग्नात त्यानं स्वतःच्या दाराशी मेहुणा येडबा रंगवला. डाव्या भुवईवरची खोक, पुढं आलेला दात, सगळं जसंच्या तसं. वऱ्हाड जेवायचं सोडून भिंत बघत बसलं आणि ग्यानबाच्या अंगावर मूठभर मांस चढलं.

पुढच्या वर्षी, अठ्ठेचाळीसच्या उन्हाळ्यात, येडबा निजामाविरुद्ध लढणाऱ्यांना जाऊन मिळाला. मग एका बाजारात ग्यानबाच्या कानावर आलं, की येडबाला धरायला निजामाचे शिपाई गावाकडं निघालेत. त्यांना नाव ठाऊक होतं, तोंड ठाऊक नव्हतं. ग्यानबा बाजार टाकून घराकडं पळत सुटला. ते तोंड त्याच्याच दाराशी हसत उभं होतं, आणि ते कुणाचं हे गावातलं पोरही सांगायचं. ते बघून शिपायांनी येडबाला हुडकला असता आणि गोळी घातली असती.

"बाने, शेण काल्व! बिगीनं!" तो अंगणात शिरतानाच बायकोला ओरडून म्हणाला. नवराबायकोनं भिंत सारवली. पण काव ओल्या शेणात भिजून वर आली आणि भुवई पुन्हा दिसायला लागली.

"अवं, ह्यो तर मरंनाच की!" बानूबाई रडायला लागली. "आन वली भित बगून इचारतील!"

घोड्यांच्या टापा ऐकू आल्या. ग्यानबानं दोन्ही हात कावेत बुडवले आणि भुवईवर थापले. दातावर चुना ओतला, वरून नीळ फासली. कुठं डोळा नको, कुठं नाक नको, एवढंच त्याच्या डोक्यात होतं. जीव मुठीत धरून तो भिंतभर रंग लावत सुटला.

"ये क्या बनाया रे?" शिपायानं विचारलं.

"काई न्हाई, सायेब. रंग हाय."

शिपायानं काठीनं भिंत खरवडली. बानूबाईनं तोंडात पदर कोंबला. आतून नुसतं लाल निघालं. "पागल है," म्हणून शिपाई हसत निघून गेले.

त्यानंतर त्याला तोंड काढता येईना. डोळा काढायला घेतला, की टापा ऐकू यायच्या आणि तो त्यावर रंग फासून टाकायचा. पण रंगांना तो भीत नव्हता. कणगीवर, खडकावर, जागा दिसेल तिथं तो लाल, पांढरं, निळं पसरत राहिला. ग्यानबा बिघडला, असं गाव म्हणालं. मीही म्हणालो, खोटं कशाला बोलू?

सप्टेंबरात निजामाचं राज्य गेलं आणि येडबा परत आला. दारात थबकून त्यानं भिंत बघितली.

"दाजी, माजं तोंड पुसलं व्हय तुमी? काडा की परत."

ग्यानबानं कुंचला उचलला. भिंतीपर्यंत नेला आणि खाली ठेवला.

"तितंच हायेस तू," तो म्हणाला. "आता कुनालाबी घावायचा न्हाईस."