कटुंगूने पुसलेली यादी

लुबेरो या डोंगराळ भागातल्या मिशनच्या इस्पितळात सहा कॉम्प्युटर होते आणि ते सांभाळणारी एकच बाई होती, कटुंगू. वय बावन्न, पूर्वी शाळेत गणित शिकवायची, आवाज चढा. कॉम्प्युटरवर फुकटात मिळणारी लिनक्स प्रणाली होती. इंटरनेट आठवड्यातून एखादा दिवस यायचं, म्हणून लागतील त्या प्रोग्रामची सगळी पॅकेजेस तिने एका डिस्कवर उतरवून ठेवली होती. काही बसवायचं किंवा काढायचं झालं की काळी खिडकी उघडून कमांड लिहायची. माउस शोधणाऱ्या नर्सना म्हणायची, "बोट दाखवून काम सांगायला कॉम्प्युटर काय तुमचा नोकर आहे? नीट शब्दांत सांगा."

त्या मंगळवारी सकाळी नऊला फाटकावर गोळ्या सुटल्या. पहारेकरी कांबेरे जागीच कोसळला. अंगणात कसाव्याचे कंद सोलणाऱ्या बायका किंचाळत पळाल्या. बंदूकवाले आत घुसले. त्यांना किसिमा गावची माणसं हवी होती. त्या गावाने त्यांचे तिघे भाल्यांनी मारले होते. त्याच झटापटीतले किसिमाचे नऊ जखमी आदल्याच दिवशी मोठ्या वॉर्डात आले होते. खाटांवर नुसते नंबर होते. नावं, गावं कॉम्प्युटरमध्ये.

म्होरक्याने कटुंगूच्या मानेला बंदुकीची नळी टेकवली. "म्हातारे, किसिमावाले कुठल्या खाटांवर आहेत, वाचून दाखव."

"का? तुला वाचता येत नाही?" तिच्या तोंडून निघून गेलं.

त्याने थोबाडीत हाणली. ओठ फुटला, कीबोर्डवर रक्त सांडलं.

तिने काळी खिडकी उघडली. काढून टाकायच्या साध्या कमांडने नुसता प्रोग्राम जातो, माहिती मागे राहते. तिने दुसरी लिहिली, यादी ठेवणारा अख्खा डेटाबेस माहितीसकट पुसणारी. कॉम्प्युटरने फ्रेंचमध्ये विचारलं, पुढे जायचं का? तिचं बोट थांबलं. रक्तदात्यांची यादीही त्यातच होती.

"काय विचारतंय?"

"उघडू का, विचारतंय."

"मग हो म्हण की! मुहूर्त काढतेस काय?"

तिने हो म्हटलं. माहितीही काढायची का, असा पुन्हा प्रश्न आला. पुन्हा हो. ओळी सरसर वर सरकल्या आणि थांबल्या.

"वाच."

"आता काहीच नाही त्यात."

तिचा चेहरा बघून त्याला कळलं. तिचा उजवा हात टेबलावर दाबून त्याने बंदुकीच्या दस्त्याने तीनदा ठेचला. मग वॉर्डात जाऊन दिसेल त्या खाटेवर गोळ्या झाडल्या. सैन्याच्या गाड्यांचा आवाज आला तेव्हाच ते पळाले. खाटांवर चार माणसं मेली होती. दोन किसिमाची, दोन भलतीच.

मासिका नर्स धावत आली. "ताई, मांडीत गोळी लागलेली पोरगी आहे. ओ-निगेटिव्ह. रक्तदात्यांची नावं दे, लवकर!"

"रविवारची नक्कल डिस्कवर आहे. आधी डेटाबेस परत बसवावा लागेल. मी सांगते, तू लिही."

मासिकाने लिहिलं. कॉम्प्युटरने नाकारलं.

"एक अक्षर चुकलंस."

"कुठलं गं, ताई?"

"तिसरं. पुन्हा लिही."

कटुंगूच्या मनगटातून हाड बाहेर आलं होतं. मध्येच तिला भोवळ आली, मासिकाने तोंडावर पाणी मारून शुद्धीवर आणलं. चाळीस मिनिटांनी यादी उघडली. ओ-निगेटिव्हचे दोघेच निघाले. त्यातला एक, सुतारकाम करणारा, धावत आला. पोरगी वाचली.

दुसऱ्या दिवशी काहिंदो आली. तिचा भाऊ मुयिसा अपेंडिक्स काढून वॉर्डात पडला होता, मेलेल्या चौघांतला एक.

"तू नावं वाचली असतीस तर ते फक्त किसिमावाल्यांना मारून गेले असते. माझा भाऊ किसिमाचा होता का? सांग ना!"

"नव्हता."

"मग?"

कटुंगू म्हणाली, "त्या वेळी मला नऊच माणसं दिसत होती, काहिंदो. तुझा भाऊ दिसला नाही."

काहिंदो तिच्या पायाशी थुंकली आणि निघून गेली.

किसिमाचे सातजण बरे होऊन घरी गेले. त्यांच्यातल्या एकाच्या बायकोने टोपलीभर घेवडा आणून दिला. कटुंगूला तो घरी नेववला नाही, तिने इस्पितळाच्या स्वयंपाकघरात देऊन टाकला. तिची दोन बोटं कायमची ताठ राहिली. कमांड ती आता डाव्या हाताने लिहिते आणि मासिकालाही शिकवते. काहिंदो अजून तिच्याशी बोलत नाही.