वहिनीला न सांगितलेला नंबर

माझी वहिनी म्हणजे एक नंबरची भित्री भागूबाई. पाल दिसली की पलंगावर. लिफ्ट जरा हलली की माझा दंड धरते, नखं रुततात. आम्ही दोघी हॉस्पिटलच्या धुलाईखान्यात दुपारपाळीला. ती चादरींना इस्त्री करते, मी घड्या घालते. मुकादमीण नुसती खाकरली तरी वहिनी विचारते, "माझं काही चुकलं का?" मी शाळा नववीतच सोडली, पण मला कुणाच्या बापाची भीती नाही. म्हणून बोलायची कामं माझ्याकडे.

तर या बाईने नवऱ्याला न सांगता बँकेत दुसरं खातं उघडलं.

नवरा म्हणजे माझा सख्खा दादा. छापखान्यात रात्रपाळी करतो. पीत नाही, हात उचलत नाही. मोबाईलवर पैसे लावून पत्ते खेळतो. दोघांचा पगार एकाच खात्यात जायचा. मागच्या महिन्यात पगार झाला आणि आम्ही लगेच चिऊचा दम्याचा पंप आणायला गेलो. चिऊ त्यांची पोरगी, अजून शाळेतपण जात नाही. औषधवाल्याच्या मशीनने वहिनीच्या कार्डाला नाही म्हटलं. परत केलं, परत नाही. मागचा माणूस म्हणाला, "ताई, बाजूला व्हा ना." चिऊची छाती शिट्टीसारखी वाजत होती आणि औषधवाला पंप खणात परत ठेवत होता. मी माझा मोबाईल त्याच्यासमोर आपटला. "हा ठेव, तो दे." तेव्हा तो ओशाळला. "राहू दे, उद्या आणून द्या."

घरी येताना वहिनी म्हणाली, "घरखर्चाचे पैसे वेगळ्या खात्यात पाहिजेत."

"मग उघडू की."

"अगं हळू बोल!" रस्त्यावर एक कुत्रं सोडून कुणी नव्हतं.

बँकेत ती खुर्चीच्या कडेवर बसली, आत्ता पळायचंय अशी. टेबलवाल्या बाईने विचारलं, "आधीचं खातं आहे ना? मग हे कशाला?" वहिनी माझ्याकडे बघायला लागली.

"दूध, पीठ, औषध," मी म्हटलं. "त्याच्यासाठी."

"ही कोण तुमची?"

"नणंद."

"नणंद? आणि तुमच्या बाजूने?" बाई हसली. "आमच्याकडे पाठवा हो अशी एक."

मोबाईल नंबर माझा दिला, कारण वहिनीचा मोबाईल दादा चाळतो. सगळं झालं आणि बाई म्हणाली, "कार्ड घरच्या पत्त्यावर येईल. इथे हातात मिळत नाही." वहिनी पांढरीफटक. सकाळी आम्ही घरी असतो, पण सकाळीच दादा कामावरून येऊन झोपतो. बेल वाजली की तोच आधी उठतो, त्याची झोप सशाची.

त्यानंतरचे दिवस नको वाटतात. जिन्यात पाऊल वाजलं की वहिनीच्या हातातलं भांडं थांबायचं. दूध उतू गेलं, तिचं लक्ष नाही. एकदा दादाने सहज विचारलं, "काय गं, बरं वाटत नाही का?" तर तिच्या हातून पेलाच सुटला. ओल्या हाताने बटणाला न शिवणारी बाई, ती एके दिवशी स्टुलावर चढली आणि बेलची वायर उपटून आली. "आता वाजणारच नाही," म्हणाली. दात वाजत होते तिचे. मीपण म्हटलं, शाब्बास. मग पाळीपाळीने खिडकीत उभं राहायचं, कुरियरवाला दिसतो का बघायचं.

आमचा शहाणपणा आम्हालाच नडला. त्या दिवशी चिऊला उलटी झाली, दोघी मोरीत. कुरियरवाला दाराशी मुकी बेल दाबत उभा. तेवढ्यात दादा जिना चढून आला. "घरचेच ना तुम्ही? घ्या," कुरियरवाला म्हणाला.

दादाने पाकीट टेबलावर ठेवलं. बूटपण काढले नव्हते.

"काय आहे हे?"

"माझं आहे," मी पुढे झाले.

"नाव हिचं आहे, छोटे. तू गप्प बस."

वहिनी चिऊची पाठ चोळत होती. मला वाटलं ही आता माफी मागणार. पण ती म्हणाली, "घरखर्चाचं खातं आहे. माझा पगार आता तिकडे जाणार."

दादाने विचारलं, "किती आहेत त्यात?"

ओरडला असता तर बरं झालं असतं. का लपवलंस, असं नाही विचारलं त्याने. किती आहेत.

"नाही सांगणार," वहिनी म्हणाली.

"मी मागितले तर?"

"नाही देणार."

"अगं, हात जोडले, रडलो तर?"

ती टेबलापाशी आली. पाकीट उचललं, कार्ड काढलं आणि माझ्या हातात ठेवलं.

"अहो, मला पालीची भीती वाटते तशी तुमच्या रडण्याची वाटते. तुम्ही रडलात की मी देऊन टाकते, आतापर्यंत दरवेळी दिले. म्हणून याचा पिन नंबर ही टाकेल. मला सांगू नकोस गं. मी विचारलं तरी सांगू नकोस."

दादा बूट घालूनच आतल्या खोलीत गेला.

नंबर मी टाकला. आता बटाटे घ्यायचे तरी दोघी जातो. मशीनपाशी मी उभी, वहिनी पाठ करून. चिऊचा पंप घरात आहे, शिवाय एक जास्तीचा. लोक विचारतात, तुम्ही काय जुळ्या का?

पण हल्ली दादा सकाळी आला की झोपत नाही. माझ्यासमोर बसतो. आई गेल्यावर यानेच माझ्या वेण्या घातल्या, वाकड्यातिकड्या, पण घातल्या. परवा नुसता म्हणाला, "छोटे..." आणि त्याचे डोळे भरून आले. मी उठून मोरीत गेले, नळ सोडला आणि कडी लावली. बाहेर वहिनी त्याला चहा विचारत होती. मी बराच वेळ बाहेर आले नाही.