कंडक्टर शिवगंगाबाईंचे पाय

शिवगंगा निलंगा आगारात कंडक्टर होती. रिकाम्या गाडीतही तिला बसवत नसे. पुढून मागे, मागून पुढे फेऱ्या चालूच. पंचेचाळिशी ओलांडली आणि ती सपाट रस्त्यावर अडखळायला लागली. गुडघे ताठायचे, चवडे जमिनीला घासायचे. एकदा गाडीच्या पायरीवरून पडली, तर एक प्रवासी हसत म्हणाला, "बाई सकाळीच घेऊन आल्या वाटतं."

तिला वडील आठवले. उदगीरला किराणा दुकान चालवणारे तिचे आप्पा, उमाशंकर, असेच चालायचे. गळ्यात लिंगायतांचं इष्टलिंग, दारूला कधी न शिवलेला माणूस. तरी गल्लीभर त्यांचं नाव 'झिंगे आप्पा'. त्याच नावानं ते गेले.

मणक्याचे फोटो झाले, इंजेक्शनं झाली. शेवटी लातूरच्या मेंदूविकाराच्या डॉक्टरीणबाईंनी वडिलांची चौकशी केली आणि रक्त तपासायला पाठवलं. रिपोर्ट आल्यावर त्या म्हणाल्या, "मेंदूतून कण्यात उतरणारे तंतू फार लांब असतात. त्यांच्या आत सूक्ष्मनलिका असतात आणि पडद्यांची एक जाळी असते, आंतर्द्रव्यजालिका. त्या जाळीला नलिकांशी जोडून ठेवणारं एक प्रथिन असतं. तुमच्या शरीरात ते पुरेसं बनत नाही. म्हणून सगळ्यात लांब तंतू आधी थकतात आणि पाय ताठतात."

"म्हणजे माझे आप्पा..."

"त्यांनाही बहुतेक हेच असणार."

मुळावर औषध नव्हतं. ताठरपणा कमी करायच्या गोळ्या होत्या, व्यायाम होता. भावंडांना आणि मुलांना हा आजार येण्याची शक्यता निम्मी होती.

शिवगंगेला मूल नव्हतं. पण आप्पांचं दुकान चालवणारा भाऊ होता, सिद्धेश्वर, आणि त्याची मुलगी शिवानी. शिवगंगा तडक उदगीरच्या गाडीत बसली.

"अक्का, हे कुठं बोलू नको," सिद्धेश्वर दुकानातच दबक्या आवाजात म्हणाला. "शिवानीला बघायला पाहुणे येऊन राहिले."

"आप्पाला दारुडा म्हणलेलं चाललं तुला. आजाराचं नाव चालत न्हाई व्हय?"

सिद्धेश्वर तराजूतली डाळ उगीच हलवत राहिला. मग खाली बघून म्हणाला, "माझा बी डावा पाय घासून राहिलाय. कुणाला बोललो न्हाई."

आतल्या दारात शिवानी उभी होती. तिनं सगळं ऐकलं होतं. "पाहुण्यांना खरं सांगा," ती म्हणाली. "माझी तपासणी मी म्हणंन तवाच."

सांगितलं. पाहुणे चहा पिऊन गेले, ते परत आले नाहीत. सिद्धेश्वर महिनाभर बहिणीशी धड बोलला नाही. मग स्वतःच लातूरला जायचं म्हणाला. दोघं मिळून गेली; त्याच्याही रक्तात तेच निघालं. गल्लीत कुणी आप्पांचं जुनं नाव काढलं की आता तो गल्ल्यावरून उठून सांगतो, "आजार होता त्यांना."

शिवगंगेला आगारात चौकशी खिडकीचं काम मिळालं. सुट्टी मिळाली की ती उदगीर गाठते. शिवानीनं अजून तपासणी केलेली नाही. ती जिना चढायला लागली की खाली दोघांचं बोलणं थांबतं. परवा ती वरूनच ओरडली, "आत्या, माझे पाय नको बघू. काय सांगून राहिलीस ते सांग."

शिवगंगेनं तोंड उघडलं, पण काय सांगत होती ते तिला आठवेना.