गिऱ्हाइकांचे पंखे

बाजारामागच्या गल्लीत त्याला सगळे डॉक्टर म्हणत. बंद पडलेले पंखे, मिक्सर, इस्त्र्या तो दुरुस्त करी. मात्र पावती कधी दिली नाही. कोणी मागितलीच तर म्हणे, "ताई, पेशंट ओळखायला डॉक्टरला चिठ्ठी लागत नाही. वस्तू बघितली की मला घर आठवतं." ते खरंही होतं.

धाकट्या भावाने टेम्पोसाठी कर्ज काढलं, तेव्हा जामीन म्हणून डॉक्टरने सही केली. भाऊ टेम्पोसकट परागंदा झाला. फायनान्स कंपनीने डॉक्टरवर दावा लावला. समन्स आलं, तेव्हा त्याने ते घेतलंच नाही. "घेतलं तर लागू होणार ना?" असा त्याचा हिशोब. कोर्टात कोणी फिरकलं नाही म्हणून निकाल एकतर्फी झाला. रक्कम अशी, की दुकान विकलं असतं तरी फिटली नसती. आणि दुकान तर भाड्याचं.

जप्ती येणार असं कळलं तशी बायको म्हणाली, "अहो, बाकी काही जाऊ दे, तुमची हत्यारं गेली तर आपण खायचं काय?"

"तुझ्या ताईकडे ठेवू या."

"माझ्या ताईकडे! सही करताना नाही आठवली माझ्या माहेरची माणसं."

तरी पक्कड, सोल्डरिंगची सळई, मीटर, वाइंडिंगचं यंत्र, सगळं दोघांनी पोत्यात भरून मेव्हणीच्या माळ्यावर टाकलं. टेबल पुसून लख्ख केलं.

दुसऱ्या दिवशी जप्तीचा हुकूम घेऊन कोर्टाचा बेलीफ आला. वयस्कर, दमेकरी माणूस. बरोबर कंपनीचा वसुलीवाला.

"हे पंखे कोणाचे?" बेलीफने विचारलं.

"गिऱ्हाइकांचे, साहेब. दुरुस्तीला आलेत."

"दुरुस्ती कशाने करता? दातांनी?" वसुलीवाला हसला. "एक पेचकस दिसत नाही इथे. जुन्या मालाचं दुकान आहे हे, लिहा."

डॉक्टरने लख्ख टेबलावरून हात फिरवला. "हत्यारं... दुसरीकडे ठेवलीत."

बेलीफने चष्मा कपाळावर सरकवला. "अहो, कारागिराच्या हत्यारांना मला हात लावता येत नाही. कायदाच आहे तसा. तीच लपवलीत? बरं, पावत्या दाखवा. गिऱ्हाइकांची नावं?"

"तोंडपाठ आहेत."

"तोंडी सांगण्यावर मला हे कसं सोडता येईल?" बेलीफने पंख्यांची यादी लिहायला घेतली. "ज्याची वस्तू त्याने कोर्टात येऊन हक्क सांगावा. आणि तुम्ही हप्ते पाडून मागा. आधीच यायला हवं होतं."

टेम्पो भरून माल गेला. गल्ली बघत होती.

कोर्टात येऊन वस्तू सोडवा, असं गिऱ्हाइकांना सांगत संध्याकाळपर्यंत डॉक्टर घरोघर फिरला. एकाने दार लोटून घेतलं. एकजण म्हणाला, "म्हणजे भावाचं कर्ज आमच्या मिक्सरने फेडलंस?" डॉक्टर खाली मान घालून पुढच्या घरी गेला.

शेवटी शाळेतून निवृत्त झालेल्या बाईंचं घर. त्यांचा पंखा दर उन्हाळ्यात त्याच्याकडेच यायचा. बाईंनी सगळं ऐकून घेतलं, त्याला पाणी दिलं.

"पंखा घेतला त्याचं बिल आहे माझ्याकडे. मी येईन कोर्टात. माझा म्हणून सांगेन."

त्याचे डोळे भरून आले. "बाई, उपकार..."

"उपकार नाहीत. माझी वस्तू आहे." बाईंनी पेला उचलून घेतला. "पण पंखा परत मिळाला की दुसरीकडे देईन रे. तुझ्याकडे आता काही ठेवायचं म्हणजे जिवाला घोर."

तो मान डोलावून उठला. हत्यारं उद्या माळ्यावरून आणायची होती, रिकाम्या टेबलावर मांडायला. पायरीवर तो थांबला.

"बाई, फक्त कपॅसिटर गेलाय त्याचा, थोडक्यात काम होईल. वाइंडिंग जळलंय म्हणून कोणी पैसे मागितले तर देऊ नका."

"बरं," बाई म्हणाल्या, आणि दार हळूच लावून घेतलं.