होडीत जागा जिवंतांची

आमचं घर विश्वामित्रीच्या काठापासून दोन गल्ल्या आत होतं. नदीची भीती आम्हाला कधी वाटली नव्हती. उन्हाळ्यात तिच्यात पाणी ते किती! मगरी वाळूवर ऊन खात पडलेल्या असत आणि त्यांच्यावर एक डोळा ठेवून धोबी कपडे आपटत असत. आमचे हे सरकारी शाळेत गणित शिकवायचे. घरात आम्ही दोघं, आमची तान्ही मुलगी आणि सासूबाई. सासूबाईंना दमा होता. पावसाळा लागला की त्या भिंतीला उशी लावून बसूनच झोपत.

त्या वर्षी श्रावणाच्या तोंडाशी पाऊस जो लागला तो थांबेचना. शाळा बंद झाल्या. बाजारात कोथिंबीर दिसेनाशी झाली. एका सकाळी मी चूल पेटवायला गेले तर चुलीतली राख तरंगत होती. मागचं दार उघडलं, तर अंगण नव्हतंच. गढूळ पाणी पायरीशी हलत होतं आणि त्यातून कुणाची तरी खाट सावकाश फिरत चालली होती.

"आईला आधी," एवढंच हे म्हणाले. यांनी सासूबाईंना पाठीवर घेतलं, मी मुलीला छातीशी बांधलं. गल्लीत कमरेइतक्या पाण्यातून आम्ही शेजारच्या धान्यवाल्या शेठच्या घरी गेलो. आमच्या गल्लीत तेवढंच एक पक्कं, माडीचं घर. शेठनी स्वतः हात देऊन सगळ्यांना वर ओढून घेतलं. पलीकडची कुंभारीण मासी आधीच येऊन माडीच्या खिडकीशी बसली होती. तिची कच्ची मडकी खाली पुन्हा माती होत होती, पण ती त्यांच्याकडे बघत नव्हती. "छोकरी मला द्या, बेन," म्हणून तिने माझी मुलगी पदराखाली घेतली.

तासाभरात शेठची खालची खोली भरली, मग माडीवर पाणी चढायला लागलं. माडीत थांबायची सोय उरली नाही, म्हणून सगळे वरच्या अगाशीत, म्हणजे उघड्या गच्चीवर आलो. वरून पाऊस, चहूकडे पाणी. नदी कुठली आणि गल्ली कुठली ते कळत नव्हतं. कौलारू घरं एकेक करून बसत होती. घर पडताना मोठा आवाज होत असेल असं मला वाटायचं. तसा होत नाही. भिजलेली भिंत खचते तेव्हा पोतं टाकल्यासारखा धप्प आवाज येतो, आणि मग माणसांचा.

यांनी आईवर छत्री धरली होती. ती एकच छत्री घरातून निघाली होती. सासूबाईंचं सगळं अंग श्वासाबरोबर वर उचलत होतं. तेवढ्यातही त्यांनी मला खूण केली आणि म्हणाल्या, "पोरीला... माझ्या लुगड्याचा आतला पदर कोरडा आहे, त्यात घे." मी मुलीला मासीकडून घेऊन त्यांच्या मांडीवर दिलं. थोडा वेळ दोघी तशाच होत्या. नंतर मुलगी रडायला लागली म्हणून मी तिला उचलायला वाकले, तर सासूबाईंचा हात तिच्या पाठीवरून घसरला.

मी यांच्याकडे पाहिलं. यांनी मान हलवली. मासीने पुढे होऊन सासूबाईंचे डोळे मिटले. छत्री मात्र यांनी बाजूला केली नाही. ती तशीच आईच्या डोक्यावर धरून बसले.

दुपार कलली असेल. पलटणीची होडी आली ती तेव्हा. सूरसागर तलावात लोक हौसेनं फिरायचे तिथली होडी होती. कडांना निळा-सोनेरी रंग, बसायला नक्षीची फळी. तिच्यात खाकी कपड्यांतले तीन जवान आणि एक नाईक. नाईक मराठा होता, मिशा पिकायला लागलेल्या, आवाज ओरडून बसलेला. अगाशीच्या कठड्याला दोर बांधून तो वर आला आणि बायका-पोरांना खाली उतरवू लागला. कुणाला गाठोडं घेऊ दिलं नाही. शेठनी देवांचा डबा काखेत धरला होता, तोही त्याने खाली ठेवायला लावला.

मग शेठनी "मास्तर तिकडे आहेत" म्हणून दाखवलं तसा तो आमच्याकडे आला. त्याने सासूबाईंकडे पाहिलं, छत्रीकडे पाहिलं.

"मास्तर, बाई गेल्या का?"

"हो."

"मग त्यांना हितंच ठेवावं लागंल. होडीत जागा जिवंतांची. तसा हुकूम आहे."

"तिला अग्नी द्यायचा आहे," हे म्हणाले.

"कुठं देणार मास्तर? स्मशान पाण्याखाली आहे. सगळं गाव पाण्याखाली आहे."

"मी तिला मांडीवर घेऊन बसेन. जास्तीची जागा लागणार नाही."

"पुढच्या गल्लीत झाडावर माणसं हायत. एक बाई दोन लेकरं घेऊन बसली आहे. तुमच्या मांडीवर मी ती लेकरं बसवीन."

मासी होडीतून ओरडली, "अरे भाई, डोशीने लई लो ने! हूं उतरी जाऊं छुं!" म्हातारीला घ्या, मी उतरते, असं ती म्हणत होती आणि खरंच उठायला लागली. होडी डगमगली. एका जवानाने तिला खांद्याला धरून खाली बसवलं.

नाईकाने तिच्याकडे लक्ष दिलं नाही. यांच्यासमोर तो उकिडवा बसला आणि म्हणाला, "मास्तर, उठा. येळ नाही."

हे उठले नाहीत. "हिला न्या. पोरीला न्या. मी थांबतो."

"अहो, चला ना," मी म्हणाले. मला आठवतं, मी यांची बाही धरली होती आणि ती सुटत नव्हती. यांनीच माझी बोटं एकेक करून सोडवली. "पोरीला दूध कोण पाजणार? तू जा. मी आईला एकटी टाकून येणार नाही."

"परतीच्या खेपेला तुम्हाला न्यायला येतो," नाईक म्हणाला. "तवा मात्र यावं लागंल."

होडी निघाली. वळणापर्यंत मला छत्री दिसत होती.

भरल्या होडीने झाडापाशी जाणं धोक्याचं होतं, म्हणून आधी आम्हाला लहरीपुऱ्याजवळच्या एका शाळेत उतरवलं आणि होडी परत फिरली. गावाचा तो भाग उंचावर, तिथे पाणी नव्हतं. वर्गावर्गांतून बाकं हलवून माणसं बसवली होती. व्यापाऱ्यांनी खिचडीची भांडी चढवली होती. एक डॉक्टर दारात उभा राहून प्रत्येकाची जीभ बघत होता. पटकीची त्यांना सगळ्यात जास्त धास्ती. कुणीतरी माझ्या खांद्यावर घोंगडी टाकली. मी मुलीला पाजलं आणि खिडकीशी बसले. दर होडीच्या बातमीला उठायचे आणि परत बसायचे.

संध्याकाळी आमच्या होडीतला एक जवान आला. त्याच्या कपाळाला पट्टी होती. पुढच्या गल्लीतून माणसं घेऊन येताना वाहत आलेलं निंबाचं झाड होडीवर आदळलं होतं. माणसं वाचली, पण त्यांना काढताना एक जवान धारेत गेला. पाण्याला ओढ फार, म्हणून साहेबांनी उजाडेपर्यंत सगळ्या होड्या थांबवल्या होत्या.

"आणि मास्तर?" मी विचारलं.

त्याने कपाळावरची पट्टी वर सारली. "नाईक हुकमाविरुद्ध जायला निघाले होते, ताई. त्यांना धरून ठेवलं."

मासी रात्रभर माझ्याजवळ बसून होती. माझ्या मुलीचे पाय चोळत राहिली.

सकाळी सरकारी पीलखान्यातला हत्ती धान्याची पोती घेऊन शाळेच्या दारात आला. पोरं त्या अवस्थेतही टाळ्या पिटत धावली. त्याच गर्दीच्या मागून हे चालत आले. पाणी उतरताच कुणी खाटेचा तराफा करून यांना आणलं होतं. अंगभर चिखल होता. हात रिकामे होते. ते माझ्याजवळ येऊन बसले आणि मुलीला घ्यायला हात पुढे केले. मग हातांकडे बघून ते मागे घेतले.

काय झालं ते यांनी पुढे खूप वर्षांनी, मुलीचं लग्न ठरलं तेव्हा, एकदाच सांगितलं. अंधार पडल्यावर पाणी अगाशीत आलं. यांनी उपरण्याने आईला स्वतःच्या कमरेशी बांधलं आणि कठड्याला धरून उभे राहिले. मंत्र येत होते तेवढे म्हटले. पाणी छातीपर्यंत आलं तेव्हा उपरणं यांना खाली खेचायला लागलं. "गाठ मी सोडली," हे म्हणाले. "सुटली नाही. मी सोडली." एवढंच बोलून ते फिरायला निघून गेले.

पुराचं पाणी गेल्यावर शहरभर चिखल आणि मेलेल्या गुरांचा वास राहिला. पलटणीचे लोक फावड्यांनी गल्ल्या मोकळ्या करत होते, चुना टाकत होते, विहिरींत लाल औषध सोडत होते. हे रोज नदीच्या खालच्या अंगाला, शेतांतून, झुडपांतून शोधत जायचे. सासूबाई सापडल्या नाहीत. शेवटी भटजींनी पळसाच्या पानांचा पुतळा करायला सांगितलं आणि त्या पुतळ्याला यांनी अग्नी दिला. ओली लाकडं पेटायला फार वेळ लागला.

दिवसकार्य उरकल्यानंतर एका सकाळी तो नाईक आमच्या दारात उभा राहिला. आम्ही तेव्हा पाणीगेटला एका ओळखीच्यांच्या दोन खोल्यांत होतो. त्याने पत्ता शाळेतून काढला होता. अंगात साधा सदरा होता, टोपी हातात.

हे ओसरीवर होते. यांनी त्याला बस म्हटलं नाही.

तो उभ्यानेच म्हणाला, "मास्तर, मी माफी मागायला आलेलो नाही. आमच्या पलटणीतला पोरगा गेला त्या दिवशी, सांगितलं असंल तुम्हाला. त्याच्या घरी जाऊन आलो. आता तुमच्याकडं आलो."

यांनी मान वर करून त्याच्याकडे पाहिलं.

"माझी स्वतःची आई असती तरी मी तिला होडीत घेतलं नसतं. हे तुमच्या तोंडावर सांगावं म्हणून आलो. वाटलं, सांगितलं की जरा बरं वाटंल." त्याने टोपी एका हातातून दुसऱ्या हातात घेतली. "नाही वाटलं."

आतून मी ऐकत होते. मला त्याचा राग यायला हवा होता, आणि आलाही होता कित्येक दिवस. पण त्या माणसाच्या टाचा भेगाळून लाल झालेल्या दिसत होत्या; तो अजून रोज चिखलात उभा होता.

"झाडावरची ती बाई," हे म्हणाले, "लेकरं घेऊन होती ती. वाचली?"

"वाचली. लेकरंबी."

हे उठले. मला वाटलं, आत निघून जाणार. यांनी भिंतीला टेकवलेला पाट घेतला, ओसरीवर टाकला आणि मला हाक मारली, "अगं, चहा टाक. दोन कप."

त्या दोघांनी ओसरीवर चहा घेतला. नंतर हे त्याला नाक्यापर्यंत सोडायला गेले. परत यायला यांना बराच उशीर झाला. कुठे गेला होतात, म्हणून मी विचारलं.

"त्या जवानाच्या घरी," हे म्हणाले, आणि हातपाय धुवायला मोरीत गेले.