उगवतीकडचा किब्ला

इटलीच्या किनाऱ्यावरचे तुमचे फोटो मिळाले. रंगीत घरं, निळा समुद्र, हातात आइस्क्रीम. तो किनारा मीही पाहिला आहे, पण त्याचं नाव निघालं की माझं तोंड कडू होतं. का, ते तुम्हांला सांगून ठेवते.

साठच्या दशकात आम्ही बर दुबईत राहायचो. या देशाला आजचं नाव मिळायचं होतं. आमच्या ह्यांचा, म्हणजे तुमच्या दादांचा, लाकडी लाँचचा धंदा होता, गल्लीतल्याच एका रत्नागिरीकराबरोबर भागीदारीत. त्याची विधवा भावजय माझी मैत्रीण. दुपारचा चहा आम्ही एकमेकींशिवाय प्यायलो नाही. तिचा नवरा आगबोटीवर खलाशी होता. इटलीजवळ तो तापाने गेला आणि किनाऱ्यावरच्या एका गावात त्याला पुरलं, एवढंच बरोबरच्या खलाशांनी येऊन सांगितलं. गावाचं नाव तिने पाठ करून ठेवलं होतं. तिला एकच घोर लागला होता, की पुरताना त्याचे पाय किब्ल्याकडे, म्हणजे मक्केच्या दिशेला, तर केले नसतील ना? आपण झोपतानासुद्धा पाय तिकडे करत नाही. तिथे तर सगळी परकी माणसं.

त्या सुमारास भागीदारांना लाँचसाठी जुनं इंजिन घ्यायला इटलीतल्या लिव्होर्नो बंदरात जायचं होतं. इंग्रजी बोलायला मी, आणि दोन पुरुषांत मी एकटी बाई नको म्हणून सोबतीला ती. निघतानाच तिच्या दिराने बजावलं होतं की काम इंजिनाचं आहे, कबरी शोधायचं नाही.

तिथे इंजिनाचा मालक काही भेटेना. एका सकाळी पुरुष गोदीवर गेले आणि ती चहाचा कप खाली ठेवून म्हणाली, "चल." मी विचारलंसुद्धा नाही कुठे. हॉटेलवाल्याला गावाचं नाव सांगून आम्ही बस पकडली.

बसने एक गाव आधीच उतरवलं. धक्क्यावर जाळी वाळत होती, बायका मासळीच्या मुंड्या मोडत बसल्या होत्या. ती थांबून बघत राहिली. "अगो, विमानाचं एवढं भाडं भरून हेच बघायला आलो? हे तर आमच्या आईच्या अंगणात होतं." बऱ्याच महिन्यांनी मी तिला हसताना पाहिलं. पुढच्या गावापर्यंत आम्ही चालत गेलो. एका बाजूला समुद्र, दुसऱ्या बाजूला डोंगर. कोकणातच आहोत असं वाटावं, आणि तिथेच घात झाला.

कबरस्तान गावाच्या वरच्या अंगाला होतं. फाटकाशी आल्यावर ती थांबली. आपल्यात बायका कबरस्तानात जात नाहीत. एवढ्या लांब येऊन तिचा पाय उंबऱ्यापाशी अडला. "तू जा. तू शिकलेली आहेस, तुला चालतं," ती म्हणाली. मलाही चालत नव्हतं, पण मी गेले.

म्हाताऱ्या रखवालदाराने कोपऱ्यातली कबर दाखवली. क्रूस नव्हता, नुसती लाकडी फळी आणि तिच्यावर त्याचं नाव. फळी डोंगराच्या अंगाला, मातीचा उंचवटा समुद्राकडे उतरलेला. मी परत येऊन तिला पाहिलं तसं सांगितलं, डोकं डोंगराकडे, पाय समुद्राकडे.

"म्हणजे पाय किब्ल्याकडेच केले," ती म्हणाली.

मग माझ्या ध्यानात आलं. जन्मभर तिने मावळतीकडे तोंड करून नमाज पढली होती. कोकणात समुद्र त्याच बाजूला, दुबईतही किब्ला मावळतीलाच. तिच्या लेखी समुद्र म्हणजेच मक्का. मी तिला परोपरीने सांगितलं की आपण मक्केच्या पलीकडे येऊन पोचलो आहोत, इथून मक्का उगवतीला, त्या डोंगरामागे. पाय किब्ल्याकडे नाहीत.

"समुद्राकडे पाठ करून कधी कुणी नमाज पढली आहे का?" तिने विचारलं. परतीच्या बसमध्ये ती माझ्या शेजारी बसली नाही.

हॉटेलवर तिच्या दिराने सगळं ऐकून घेतलं आणि तुमच्या दादांकडे बघत म्हणाला, "भाभींनी इंग्रजी शिकून किब्लापण फिरवला." तुमच्या दादांनी किमतीचा विषय काढला. इंजिनाचा सौदा व्हायचा होता.

दुबईत हे आमच्याआधी पोचल्यासारखं पसरलं. मी बाई असून कबरस्तानात शिरले, हे आधी. ती फाटकाशी थांबली, मला तिनेच आत पाठवलं, हे कुणी सांगितलं नाही. तिनेही नाही. दुपारचा चहा बंद झाला. गल्लीतल्या बायका मला हसत विचारायच्या, "आज नमाज कुठल्या बाजूला, भाभी?"

पुढे कधीतरी मशिदीतल्या मौलवींना तिने दिराकरवी विचारलं. त्यांनी सांगितलं, त्या मुलखातून मक्का उगवतीला. पाय किब्ल्याकडे नाहीत, बाईने निश्चिंत असावं. तिने मलिदा केला, नवऱ्याच्या नावाने फातिहा दिली, सगळ्या गल्लीला बोलावलं. मलाही.

माझ्या ताटात मलिदा वाढताना तिचा चेहरा उजळला होता. "मौलवींनी सांगितलं म्हणून जिवाला शांती मिळाली बघ," ती म्हणाली. "नाहीतर मला कोण सांगणार होतं?"

तिने हे मला टोचायला म्हटलं असतं तर मी भांडले असते. पण तिला खरंच आठवत नव्हतं. मी मलिदा संपवला, हात धुतले आणि घरी आले. त्यानंतर आम्ही बरीच वर्षं एकाच गल्लीत राहिलो.