चेहरा पुसलेली पदके

ती डबी मी पहिल्यांदा उघडली तो क्षण इतक्या वर्षांनीही जसाच्या तसा डोळ्यांसमोर उभा राहतो. नोकरीत मी बेवारस प्रेते उचलली, खुनाचे पंचनामे केले. अंगावर काटा मात्र आला तो एका चांदीच्या तुकड्याने.

ऐंशीच्या दशकातली गोष्ट आहे. मी घाटकोपरच्या एका पोलीस ठाण्यात फौजदार होतो. सकाळची हजेरी नुकतीच आटोपली होती. साठीच्या आसपासची एक विधवा बाई मुलाला घेऊन आली. मूळची मालवणकडची, राहायला ठाण्याच्या मागच्याच चाळीत. तिने पदराआडून निळ्या मखमलीची डबी काढली आणि टेबलावर ठेवून हात चटकन मागे घेतला.

तिच्या नवऱ्याच्या कारखान्यात वीसेक वर्षांपूर्वी मोठी आग लागली होती. सात कामगारांनी आत शिरून माणसे बाहेर काढली. मालकाने त्या सातांसाठी सात चांदीची पदके पाडून घेतली आणि साचा मोडून टाकला. एका बाजूला कारखान्याचे फाटक, दुसऱ्या बाजूला त्या कामगाराचे नाव, कडेवर क्रमांक. या बाईच्या नवऱ्याचे पाचवे. तो वारल्यावर दर पुण्यतिथीला ती पदक फोटोपुढे ठेवत असे. यंदा डबी उघडली तर आत हे.

मी झाकण उघडले. पदकाच्या खाचेत बरोबर पदकाएवढीच एक चांदीची चकती बसली होती. फाटक नाही, नाव नाही, क्रमांक नाही. एखाद्याच्या तोंडावरून नाक, डोळे पुसून टाकावेत तशी ती दिसत होती.

"सायबानु, ह्यां माणसाचां काम न्हय," बाई हळू आवाजात म्हणाली. "चोर चांदी ठेवून जाता काय?"

कुलूप फोडलेले नव्हते. कपाटातले दागिने जागेवर होते. हवालदाराने सोनाराकडून वजन करून आणले. कारखान्याच्या प्रमाणपत्रात लिहिलेले वजन आणि चकतीचे वजन तंतोतंत जुळले. "साहेब, चांदी तेवढीच आहे. मग चोरी कसली लिहू?" त्याने विचारले. 

अशा वेळी पोलीस जे करतात तेच मी केले. कपाटाची चावी कोणाकडे असते ते विचारले. चावी सुनेकडे असे. मी तिला तीन वेळा ठाण्यात बोलावले. चाळीतल्या लोकांनी तिला महिला शिपायाबरोबर जाता-येताना पाहिले. तिसऱ्या वेळी ती म्हणाली, "साहेब, मला विकायचंच असतं तर मी दुसरी चांदी कशाला ठेवली असती?" प्रश्न बरोबर होता. पण माझ्याकडे दुसरे नाव नव्हते, म्हणून स्टेशन डायरीत संशयित म्हणून तिचेच नाव लिहिले. आठवड्याभरात ती बोरिवलीला भावाकडे निघून गेली. चाळीत दोन गट पडले. अर्ध्यांना ती चोर वाटत होती, बाकीच्यांना ही करणी वाटत होती.

पुढे टपाल घेऊन मुलुंडला गेलेला आमचा शिपाई एक बातमी घेऊन आला. तिथल्या एका घरातही डबी बंद, कुलूप शाबूत आणि आत कोरी चकती. त्याच सातांपैकी तिसरे पदक. चौकशी केल्यावर अंधेरीतही तेच निघाले, तिथे सहावे. अंधेरीच्या कुटुंबाने तर भीतीने तक्रारच केली नव्हती. ते डबीला रोज उदबत्ती लावत होते.

मी कारखान्यातून सातही नावे मिळवली. तीन पदके घरच्यांनीच अडीअडचणीला मोडून खाल्ली होती. तीन अशी कोरी झाली होती. उरलेला एक कामगार वारला होता. त्याच्या मुलाने दुसऱ्या क्रमांकाचे पदक कोणा हौशी माणसाला विकले होते, पण नाव त्याला आठवत नव्हते.

जुनी नाणी-पदके विकत घेणाऱ्या दुकानदारांना मी वर्णन कळवून ठेवले. महिन्याभराने बोरिवलीच्या एका नाणेविक्रेत्याचा फोन आला. मी लगेच गेलो.

"साहेब, एक म्हातारे गृहस्थ आले होते," तो म्हणाला. "पदक आणलं नव्हतं. कागद पदकावर ठेवून वरून पेन्सिल घासली की छाप उठतो ना, तसा छाप आणला होता. दोन नंबरचा. भाव विचारत होते."

"मग तू काय सांगितलंस?"

"मोडीत दोनशे रुपये. आमच्या नादिष्ट लोकांत, सातच पाडलीत म्हटल्यावर, दोन हजार. तर ते म्हणाले, जगात हे एकच उरलंय असं लिहून दिलं तर? मी म्हटलं, मग तुम्ही मागाल तो भाव. पण साहेब, असं कोण कसं लिहून देणार? बाकीची कुठे आहेत ते त्यांना काय माहीत?"

त्या दुकानातून मी सरळ त्या सुनेच्या भावाचे घर गाठले. ती दारातच उभी राहिली. आत या म्हणाली नाही.

"आता काय विचारायचं राहिलंय?"

"घरी कोणी कागदावर पेन्सिल घासून पदकाचा छाप घ्यायला आलं होतं का?"

"आले होते ना, मास्तर. आगीचा इतिहास लिहितोय म्हणाले. दोनदा आले. पहिल्यांदा छाप घेतला, छोट्या काट्यावर वजन केलं. दुसऱ्यांदा मामंजींचा फोटो बघायला मागितला. डबी त्यांच्यापुढेच ठेवून मी आतल्या खोलीत फोटो काढायला गेले होते."

"हे तेव्हा का नाही सांगितलंस?"

"तुम्ही विचारलंत कुठे? तुम्ही फक्त चावीचं विचारलंत."

भाव विचारताना मास्तरांनी दिलेला पत्ता नाणेविक्रेत्याच्या वहीत होता. मुलुंडला, दुसऱ्या मजल्यावर. निवृत्त चित्रकला शिक्षक, एकटेच राहत. दुपारची वेळ होती, तरी सगळे पडदे ओढलेले. घरात कापूर आणि तापलेल्या धातूचा वास होता. खिडकीशी सोनाराची चांदी वितळवायची मूस आणि फुंकणी मांडलेली होती. काचेच्या पेटीत दुसरे पदक होते. मी हात पुढे केला तसे ते म्हणाले, "आधी हात धुऊन या."

मी त्यांना घरातल्या खुर्चीवरच बसवून प्रश्न केले. त्यांनी काहीच नाकारले नाही. उलट एक वही काढली. पानापानावर पेन्सिलचे छाप, खाली बारीक अक्षरात तारखा.

"सहावं आषाढात गेलं," ते पान उलटत म्हणाले. "तिसरं गणपतीनंतर. पाचवं दिवाळीच्या आधी." घरातल्या माणसांचे मृत्यू सांगावेत तसा आवाज होता. माझ्याबरोबरचा हवालदार नकळत दारापर्यंत मागे सरकला.

"मी कोणाचं काही घेतलेलं नाही," मास्तर पुढे म्हणाले. "वजन करून बघा. अंधेरीला बाजारातली चांदी ठेवली. अंधेरीचं पदक वितळवून त्याची चकती मुलुंडच्या डबीत ठेवली. मुलुंडचं घाटकोपरला."

"आणि घाटकोपरचं?"

त्यांनी ड्रॉवर उघडला. तशीच एक कोरी चकती आत होती. म्हणजे ती बाई ज्या डबीला हात लावायला घाबरत होती, तिच्यात दुसऱ्याच कोणाचे तरी पदक होते.

"एवढ्या भावाला विकून काय करणार होतात?" मी विचारले.

"विकायचं कुठे होतं?" ते खरोखर चकित झाले. "भाव ऐकायचा होता फक्त. एकच उरल्यावर काय होतो तो."

पंच बोलावून मूस, फुंकणी, वही, चकती जप्त केली. न्यायालयात त्यांच्या वकिलाने वजन सारखे असल्याचा मुद्दा लावून धरला. न्यायाधीशांनी तो मानला नाही आणि शिक्षा झाली. दुसरे पदक रीतसर विकत घेतलेले होते, ते त्यांच्याच मालकीचे राहिले. वर्तमानपत्रात प्रकरण आल्यावर नाणेविक्रेत्याने मला सांगितले की त्या पदकासाठी परगावाहूनही चौकश्या येत आहेत. मास्तरांचा हिशेब बाजाराने खरा केला होता. 

न्यायालयाच्या आदेशाने ड्रॉवरमधली चकती परत द्यायला मी चाळीत गेलो. संध्याकाळची वेळ होती, लोक दारादारांत होते. मी मुद्दाम गणवेशात गेलो होतो. सून परत आली होती. सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात मी म्हणालो, "या बाईंचा काही दोष नव्हता. चूक माझी होती."

सासूने चकती उलटीपालटी करून पाहिली. "ह्येच्यात ह्यांचां नाव खंय आसा?" एवढेच ती म्हणाली.

सुनेने मला पाणी दिले आणि विचारले, "साहेब, ठाण्यात माझं नाव लिहिलं होतंत. ते खोडलंत का?"

स्टेशन डायरीतली नोंद खोडता येत नाही. मी तिला तसे सांगितले. तिच्याविरुद्ध काही निष्पन्न झाले नाही अशी नवी नोंद केली आहे, हेही सांगितले.

"म्हणजे पहिलं पण राहणार."

"हो."

ती आत निघून गेली. त्यानंतरच्या माझ्या सगळ्या नोकरीत, घरातल्या माणसाला ठाण्यात बोलावण्याआधी, घरी कोण कोण येऊन गेले हे मी विचारत आलो. आणि कोणाच्याही नावापुढे संशयित हा शब्द लिहिताना माझे पेन थोडा वेळ थांबू लागले. ते या प्रकरणाने मला शिकवले. त्या सुनेला त्याचा काही उपयोग झाला नाही.